हाक तीच, कान वेगळा



खारघरच्या बेलपाड्यात, मेट्रो स्टेशनच्या जवळ, चहाची एक टपरी आहे. सकाळी साडेसातच्या सुमारास मी तिथे असतो. पूर्वी तळोज्याला जायला आमच्या कंपनीची बस होती, २०२३च्या नोव्हेंबरपासून मेट्रो सुरू झाली. माझ्या आधीच गावातले एक आगरी गृहस्थ तिथे येऊन बसलेले असतात. वयानं माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठे. लांबूनच ते मला हाक मारतात, "काय घाटी, आज गारी चुकली का?"

'गारी' म्हणजे गाडी. आगरी बोलीत 'ड'चा 'र' होतो. आणि 'घाटी' म्हणजे मी. माझं मूळ गाव सातारा जिल्ह्यात, घाटावर. आडनाव मुलाणी, जन्मानं मुसलमान, बी.ए. मराठीचा आणि अधूनमधून कविता करणारा. मी मुसलमान आहे हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. पण त्यांच्या लेखी माझी पहिली ओळख एकच, घाट उतरून आलेला माणूस. ते मला 'घाटी' म्हणतात तेव्हा माझा चहा गोड लागतो. एखाद्या दिवशी त्यांनी ती हाक मारली नाही, तर काही बिनसलं की काय असं वाटतं.

आता दुसरा प्रसंग सांगतो. बी.ए. झाल्यावर १९९१ साली मी फोर्टमधल्या एका ऑफिसात मुलाखतीला गेलो होतो. गावच्या शिंप्यानं शिवलेली पँट, पायात नवी पण करकरणारी चप्पल. बाकावर माझ्याच वयाची दोन मुलं बसली होती. त्यांनी माझ्या चपलेकडे पाहिलं, एकमेकांकडे पाहिलं आणि एकजण हळूच म्हणाला, "घाटी है." दोघे हसले. त्यानंतर आत साहेबांनी काय विचारलं आणि मी काय उत्तरं दिली, यातलं मला काही आठवत नाही. ते दोन शब्द मात्र आवाजासकट आठवतात.

शब्द तोच. अक्षरंही दोनच. एका ठिकाणी तो चहासोबत येतो आणि दुसऱ्या ठिकाणी माणसाला दारातूनच परत पाठवतो. मग चांगला कोणता आणि वाईट कोणता, हे शब्दकोशात पाहून कसं कळणार?

वंशभेद, वर्णद्वेष म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे दक्षिण आफ्रिका येते, अमेरिका येते. ते गोऱ्या लोकांचं पाप, आपण त्यातले नव्हेत, अशी आपली समजूत असते. आपण फक्त चेष्टा करतो. आपल्याकडे दूधवाला भैया असतो, इडलीवाला मद्रासी असतो. १९६०च्या दशकात मुंबईत दक्षिणेकडच्या माणसांना 'यंडुगुंडू' आणि 'लुंगीवाले' म्हटलं जाई. लोक हसत. पण ज्याच्या दुकानाची काच त्या हसण्यापाठोपाठ फुटली, त्याला त्यातला विनोद कसा समजणार?

'भैया' म्हणजे तर भाऊ. याहून प्रेमाचा शब्द कोणता असेल? २००८ साली फेब्रुवारीत, आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये रेल्वे भरतीच्या परीक्षेच्या वेळी, मुंबई-ठाण्याकडे उत्तर भारतीयांना मारहाण झाली. त्याच दिवसांत एका संध्याकाळी मी आमच्या नेहमीच्या भाजीवाल्याला पाठीमागून जरा मोठ्यानं हाक मारली, "ओ भैया!" तो दचकून वळला आणि त्याचा हात आधी गल्ल्याच्या डब्यावर गेला. मला पाहून तो हसला, पण ते हसू यायला एक क्षण लागला. त्या क्षणात मी त्याच्यासाठी कोण होतो? मला फक्त मेथीची जुडी हवी होती. पण त्या आठवड्यात तो शब्द माझा एकट्याचा राहिला नव्हता. रस्त्यावर आणखी कितीतरी जण तो दात-ओठ खात उच्चारत होते, आणि त्यांचा आवाज माझ्या आवाजात मिसळून त्याच्या कानापर्यंत गेला होता.

म्हणून मला वाटतं, शब्द कोण बोलतो, कुणाला बोलतो, कुणासमोर बोलतो आणि कोणत्या दिवशी बोलतो, या चार गोष्टी पाहिल्याशिवाय त्याचा न्याय करता येत नाही. यातली चौथी गोष्ट आपण सगळ्यात जास्त विसरतो. ती मला कशी शिकायला मिळाली, ते सांगतो.

कंपनीच्या बसमध्ये माझ्या शेजारी बसणारा एक मित्र होता. रत्नागिरीकडचा. पहिल्या महिन्यापासून तो मला 'मियाँ' म्हणायचा. मी त्याला 'भटजी' म्हणायचो, कारण तो डब्यात मासळी आणायचा आणि चतुर्थीला मात्र कडक उपवास करायचा. मी एखादा दिवस रजेवर असलो की दुसऱ्या दिवशी बसमध्ये चढता चढता त्याचा ठरलेला प्रश्न असे, "काय मियाँ, काल कुठं होतास?" मी काहीतरी थाप मारायचो, "औरंगजेबाकडं जेवायला गेलो होतो." सगळी बस हसायची.

२००६ साली जुलैच्या ११ तारखेला मला ताप होता, म्हणून मी घरी होतो. त्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकल गाड्यांमध्ये स्फोट झाले. रात्रभर आम्ही टीव्हीसमोर बसून होतो. सकाळी ताप उतरला आणि मी कामावर निघालो. बस भरलेली, पण कुणी बोलत नव्हतं. पुढच्या थांब्यावर मित्र चढला आणि सवयीनं, अगदी सवयीनं, त्याच्या तोंडून निघून गेलं, "काय मियाँ, काल कुठं होतास?"

कुणी हसलं नाही. पुढच्या सीटवरच्या दोन माना मागे वळल्या. मी नेहमीसारखी थाप मारायला हवी होती. माझ्या तोंडून निघालं, "घरी होतो. ताप होता. डॉक्टरची चिठ्ठी आहे." आणि मी खरोखरच खिशात हात घातला.

मित्राचा चेहरा मी अजून विसरलेलो नाही. त्याला काय झालं ते तत्क्षणी कळलं होतं. त्याच्या मनात काही नव्हतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. पण मी चिठ्ठी काढून दाखवत होतो आणि तो मान खाली घालून बसला होता. तळोजा येईपर्यंत आम्ही दोघं बोललो नाही.

दुसऱ्या दिवसापासून तो मला 'मुलाणीसाहेब' म्हणू लागला. अहो-जाहो करू लागला. डबा पुढे करताना "घ्या ना" म्हणू लागला. श्रोतेहो, त्यानं माझा मान राखला, यात शंका नाही. पण त्या मानानं मला जितकं एकटं पाडलं, तितकं कुठल्याही शिवीनं पाडलं नव्हतं. 'मियाँ' म्हणणारा माणूस माझ्या खांद्याला खांदा लावून बसला होता. 'साहेब' म्हणणारा तिथेच बसला असूनही दोन बाकं पलीकडे गेला होता.

अपमान हा नेहमी उर्मट शब्दातूनच होतो, असं नाही. आगरी घरांत मुलगा बापाला 'तू' म्हणताना मी ऐकलाय. बाहेरून आलेल्याला तो उद्धटपणा वाटतो. पण बापाच्या आजारपणात तोच मुलगा रात्र-रात्र उशाशी बसलेला मी पाहिला आहे. उलट, एका कविसंमेलनात शाल आणि नारळ देऊन माझा सत्कार झाला, तेव्हा सूत्रसंचालक कौतुकानं म्हणाले, "मुस्लिम असूनही किती सुंदर मराठी लिहितात!" टाळ्या पडल्या. मीही हात जोडले. पण 'असूनही' हा एवढासा शब्द शालीतल्या टाचणीसारखा टोचत राहिला. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' मराठीतच लिहिला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शाहीर अमर शेखांचा आवाज मैदानं भरून टाकत होता, तोही मराठीतच. मुस्लिम मराठी साहित्य संमेलनं १९९०पासून भरत आली आहेत. माझ्या आईनं मला रागावलं ते मराठीत आणि दुवा दिली तीही मराठीत. त्यात 'असूनही' कुठून आलं? बोलणाऱ्याचा हेतू चांगला होता. तो चांगला होता म्हणूनच मला काही बोलता आलं नाही.

आता माझ्यावरच्या शब्दांबद्दल बोलून झालं. माझ्या तोंडच्या शब्दांबद्दल बोललो नाही, तर हे भाषण अपुरं राहील.

२०१३ सालची गोष्ट. खारघरमध्ये एका सलूनमध्ये केस कापायला बसलो होतो. कापणारा तरुण मणिपूरचा होता. हात इतका हलका की डोळा लागावा. तेवढ्यात घरून फोन आला, कुठे आहात म्हणून. मी मराठीत म्हणालो, "अगं, त्या चिंकीकडं केस कापतोय, येतो पंधरा मिनिटांत." फोन ठेवला. कात्री थांबली होती. आरशात त्याची नजर माझ्या नजरेला भिडली. तो हिंदीत म्हणाला, "अंकल, मराठी नहीं आती मुझे. बस, एक वो शब्द समझ में आता है."

त्यानं पुन्हा कात्री चालवायला सुरुवात केली. हात तितकाच हलका होता. उरलेली दहा मिनिटं मी आरशात स्वतःकडे पाहू शकलो नाही. आयुष्यभर जो माणूस आपल्यावर आलेल्या शब्दांचा हिशेब ठेवत आला, त्यानं किती सहज एक शब्द दुसऱ्याच्या खात्यावर टाकला होता! आणि बचाव काय होता माझ्याकडे? "मनात काही नव्हतं." हाच बचाव मी दुसऱ्यांच्या तोंडून किती वेळा ऐकला होता.

ईशान्येकडच्या माणसांना असं हिणवणाऱ्यांवर अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली कारवाई करा, असं केंद्रीय गृह मंत्रालयानं २०१२मध्येच राज्यांना कळवलं होतं. मला ते ठाऊक नव्हतं. सलूनमधल्या त्या प्रसंगानंतर काही महिन्यांनी, २०१४च्या जानेवारीत, दिल्लीच्या लाजपतनगरमध्ये अरुणाचल प्रदेशच्या नीडो तानिया या विद्यार्थ्याला मारहाण झाली आणि त्यात तो मरण पावला. भांडणाची सुरुवात त्याच्या केसांवरून झालेल्या टिंगलीनं झाली होती. त्या टिंगलीलाही आरंभी कुणीतरी चेष्टाच म्हणालं असेल. वर्तमानपत्रात ती बातमी वाचताना मला सलूनमधला आरसा आठवत होता.

मी त्या तरुणाकडे पुन्हा गेलो. माफी मागितली. "कोई बात नहीं, अंकल," म्हणाला. मी त्याचं नाव विचारलं. त्यानं सांगितलं आणि मला ते नीट उच्चारता येईना, तेव्हा मात्र तो मनापासून हसला.

'काळू' या शब्दाची गोष्ट तुम्हाला आठवत असेल. आपल्या खेड्यात काळ्या, गोऱ्या, बारक्या ही हाक मारायची नावं असतात. पंढरीचा विठोबाच मुळी काळा, तर रंगाचं काय घेऊन बसलात, असं आपण म्हणतो. पण वेस्ट इंडिजचा कर्णधार डॅरेन सॅमी हैदराबादच्या आयपीएल संघात खेळत होता, तेव्हा त्याला आणि श्रीलंकेच्या थिसारा परेराला 'काळू' म्हणत. सॅमीला वाटलं, दणकट घोडा असा काही अर्थ असेल. तोही सगळ्यांबरोबर हसला. २०२०च्या जूनमध्ये, अमेरिकेतल्या जॉर्ज फ्लॉइडच्या मृत्यूनंतर साऱ्या जगात वर्णद्वेषाची चर्चा चालू असताना, त्याला खरा अर्थ कळला. संतापून त्यानं जुन्या सोबत्यांना जाब विचारला. पुढे एका सहकाऱ्याशी त्याचं बोलणं झालं, तो शब्द प्रेमानं वापरला होता असं त्याला सांगण्यात आलं आणि त्यानं प्रकरण तिथेच मिटवलं.

यात खोटं कोण होतं? बहुधा कुणीच नाही. सोबत्यांचं प्रेमही खरं असेल आणि सॅमीची जखमही खरी. पण ज्या हसण्यात तो सामील झाला होता, ते हसणं त्याच्यावरच होतं की काय, ही शंका एकदा मनात आली की जुन्या आठवणीही नासतात. शिवाय २००७च्या ऑक्टोबरमध्ये आपल्याच वानखेडेवर काही प्रेक्षकांनी ऑस्ट्रेलियाच्या अँड्र्यू सायमंड्सला माकडाचे हावभाव करून दाखवले होते. ज्या देशात हे घडलं, तिथे 'काळू' प्रेमानं म्हटलं होतं, हे परक्या माणसानं कशावरून ओळखायचं?

न्यायालयांपुढेही हा प्रश्न आला आहे. २००८ साली स्वर्णसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की जातीचं नाव एरवी केवळ नाव असलं, तरी अपमान करण्याच्या हेतूनं, चारचौघांत ते कुणाच्या तोंडावर फेकलं तर तो गुन्हा आहे, आणि हेतू काय होता हे संदर्भावरून ठरवायचं. अलीकडे, २०२५च्या फेब्रुवारीत, झारखंडमधल्या एका प्रकरणात त्याच न्यायालयानं म्हटलं, की एखाद्याला 'मियाँ-तियाँ', 'पाकिस्तानी' म्हणणं हे निश्चितच अभिरुचीला सोडून आहे, पण त्यानं धार्मिक भावना दुखावण्याचा गुन्हा होत नाही. काही मित्रांनी मला विचारलं, तुला काय वाटतं? मी म्हणालो, मला लागतं त्या प्रत्येक शब्दासाठी पोलीस यावेत, असं मला वाटत नाही. उद्या मग सलूनमधून मलाच न्यावं लागेल. पण कायद्यानं गुन्हा नाही म्हटलं, याचा अर्थ बोलायला मोकळे झालो, असा कुणी घेऊ नये. सगळं कोर्टानं सांगायचं, तर शेजार कशासाठी असतो?

माझ्या गावातली आमची आळी म्हणजे 'मुलाण्यांची आळी'. मुलाणी हा गावगाड्यातला बलुतेदार. त्या नावाचं मला कधी ओझं झालं नाही. शाळेतला माझा एक मित्र मात्र कुणी घर विचारलं की "तालमीच्या मागं" एवढंच सांगायचा. तालमीच्या मागे महारवाडा होता. तोंडी सांगताना त्याला ते टाळता यायचं, पण पत्रावर, दाखल्यावर, शिधापत्रिकेवर टाळता यायचं नाही. दोन्हीही जातीवरून पडलेली वस्तीचीच नावं, पण एक वारसा वाटतो आणि दुसरं डाग. फरक नावात नव्हता, त्या नावामागे गावानं काय केलं होतं त्यात होता. २०२०च्या डिसेंबरमध्ये राज्य मंत्रिमंडळानं वस्त्यांची जातिवाचक नावं बदलून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावं देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा मला त्याचा फोन आला. एवढंच म्हणाला, "नातवाला तालमीच्या मागं म्हणावं लागणार नाही."

आणि भाषेत असे काही शब्द इतके मुरलेले असतात, की आपण कुणाला बोलतोय याचं भान राहत नाही. एकदा मुलानं घरात फार पसारा केला, तेव्हा मी ओरडलो, "अरे, ही काय मोगलाई लागून गेली आहे का?" मुलगा शांतपणे म्हणाला, "अब्बा, कवितेत लिहा हे." आम्ही दोघंही पोट धरून हसलो. ही म्हण मी सोडणार नाही. ती मला माझ्या आजीनं दिली आहे आणि आजीला साताऱ्याच्या मातीनं. पण हीच म्हण उद्या कुणी एखाद्या मोहल्ल्याच्या तोंडाशी उभं राहून, मागं शंभर माणसं घेऊन उच्चारली, तर ती म्हण राहणार नाही.

मग करायचं काय? सगळ्यांनी जपून, मोजून-मापून बोलायचं? तसं झालं तर मला फक्त 'मुलाणीसाहेब' ऐकू येईल, आणि ते मी भोगलं आहे. चेष्टा हवीच. पण ज्याची चेष्टा करायची, त्याला उलट चेष्टा करण्याची मुभा आहे का, एवढं पाहावं. टपरीवरचे गृहस्थ मला 'घाटी' म्हणतात, मी त्यांना म्हणतो, "तुमची गारी सिडको घेऊन गेली, म्हणून माझ्या गारीवर डोळा का?" ज्यांच्या जमिनी १९७०नंतर नव्या शहरासाठी गेल्या, त्यांना असं बोलणं सोपं नाही. पण ते हसतात, कारण मला तेवढा हक्क त्यांनीच दिला आहे. सलूनमधला तरुण मला उलट काही बोलू शकत नव्हता. त्याच्या हातात कात्री होती, तरी तो बोलू शकत नव्हता. फोर्टातल्या बाकावर मीही बोलू शकलो नव्हतो.

रत्नागिरीचा मित्र निवृत्त होऊन गावी गेला. ईदला त्याचा फोन येतो, गणपतीला माझा जातो. गेल्या गणपतीत मी धीर करून म्हणालो, "भटजी, एकदा मियाँ म्हण की." पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाला, "त्या दिवशी तू चिठ्ठी काढलीस ना, तेव्हापासून तोंडातून निघत नाही रे."

पण 'रे' म्हणाला. अठरा-एकोणीस वर्षांनी अहो-जाहो सुटलं. बाकीचं ईदच्या फोनवर पाहू.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)